कॉलेजला मान्यता आहे का? फी भरण्याआधी हे कागद बघा

बारावीचा निकाल लागला की गावोगावी फ्लेक्स लागतात. "शासनमान्य संस्था", "नोकरीची हमी", "मोजक्याच जागा शिल्लक". ज्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजला निघालेलं असतं, तिथे "शासनमान्य" एवढं वाचलं की आईवडील निर्धास्त होतात आणि फीची जुळवाजुळव सुरू करतात.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात पात्रता विभागात काम करते. दुसऱ्या संस्थेतून आलेल्या मुलांचे कागद तपासणं हे माझं रोजचं काम. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागायला मुलं येतात, कुठून तरी पदवी घेऊन बी.एड.ला किंवा एम.ए.ला येतात. त्यातल्या काहींना सांगावं लागतं की तुमची आधीची संस्था कोणत्याच यादीत नाही. दोन-तीन वर्षं गेलेली असतात, बापाने काढलेलं कर्ज फिटायचं असतं, आणि मुलाचा काडीचाही दोष नसतो. ज्यांच्या घरात असं काही विचारायला कोणी नाही, त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या

मान्यता संस्थेच्या नावाला मिळत नाही. ती एका ठरावीक कोर्सला, एका ठरावीक पत्त्यावर, ठरावीक वर्षासाठी आणि ठरावीक जागांपुरती मिळते. "हे कॉलेज मान्यताप्राप्त आहे का?" असं विचारलं तर "हो" हे उत्तर खरं असूनही तुमची फसवणूक होऊ शकते. एकाच आवारात बी.एस्सी. मान्यतेने चालू असतं आणि शेजारच्या इमारतीत नव्याने काढलेल्या डी.फार्म.ला अजून परवानगीच नसते. पुण्याच्या शाखेला मान्यता असते आणि तालुक्याच्या गावी उघडलेल्या शाखेला नसते. साठ जागा मंजूर असतात आणि पंच्याहत्तर मुलं घेतलेली असतात; वरची पंधरा मुलं कागदावर कुठेच नसतात. म्हणून प्रश्न विचारताना चारही गोष्टी एका दमात विचारायच्या: या कोर्सला, या पत्त्यावर, या वर्षासाठी, किती जागांना मान्यता आहे?

आता जाहिरातीत जे शब्द एकाच ओळीत टाकलेले असतात ते वेगळे करू.

नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात आहे एवढंच. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली कुठलंही मंडळ नोंदवता येतं, मग ते भजनी मंडळ असो की शिक्षण संस्था. कंपनी म्हणून नोंदणी होते, लघुउद्योग म्हणून "उद्यम" नोंदणी होते. "भारत सरकार नोंदणीकृत" असं लिहिलेलं दिसलं की बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. शिकवायची आणि पदवी द्यायची परवानगी त्यातून मिळत नाही. "आयएसओ ९००१ : २०१५ प्रमाणित" याचंही तसंच आहे. ते कार्यालयीन कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, एखाद्या कारखान्यालाही मिळतं, आणि ते सरकार देत नाही.

संलग्नता म्हणजे कॉलेज कोणत्या विद्यापीठाला किंवा परीक्षा मंडळाला जोडलेलं आहे ते. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला (म्हणजे केंद्र सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्थेला), किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. साधं कॉलेज स्वतःच्या नावाने पदवी देऊच शकत नाही. त्याच कायद्याचं कलम २३ म्हणतं की बाकी कोणी आपल्या नावात "विद्यापीठ" हा शब्द लावायचा नाही. पण या कलमांच्या भंगाला कलम २४ मध्ये दंड ठेवला आहे तो जास्तीत जास्त एक हजार रुपयांचा. एवढ्याला कोणी घाबरत नाही, त्यामुळे तपासणी आपल्यालाच करावी लागते. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी राज्यवार जाहीर करते. तिच्यात महाराष्ट्रातलं नागपूरचं "राजा अरेबिक युनिव्हर्सिटी" हे नाव वर्षानुवर्षं छापून येत आलं आहे. मात्र बोगस यादीत नाव नाही म्हणजे संस्था खरी, असं समजू नका. तुमच्या संस्थेचं नाव खऱ्या विद्यापीठांच्या यादीत आहे का, ते बघायचं.

मान्यता म्हणजे त्या त्या विषयाच्या नियामक संस्थेची परवानगी. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

आणि मूल्यांकन म्हणजे नॅक, राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रमाणन परिषद. इथे बऱ्याच पालकांची उलटी गफलत होते. नॅकची स्थापना १९९४ साली झाली, मुख्यालय बंगळूरला. चालू असलेल्या कॉलेजची गुणवत्ता तपासून श्रेणी देणं हे तिचं काम, आणि ती श्रेणी साधारणपणे पाच वर्षं चालते. एखाद्या कॉलेजला नॅक नसेल, पण ते विद्यापीठाशी संलग्न असेल आणि कोर्सला मान्यता असेल, तर तिथली पदवी पूर्ण वैध आहे. उलट नॅकची "अ" श्रेणी असलेल्या कॉलेजनेही विनापरवाना कोर्स काढला तर त्या कोर्सला ती श्रेणी वाचवत नाही. नॅक नाही म्हणून घराजवळचं चांगलं कॉलेज सोडून मुलीला लांब पाठवणारे पालक मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. इंजिनिअरिंगला नॅकसारखंच, पण एकेका शाखेचं मूल्यांकन एनबीए (राष्ट्रीय प्रमाणन मंडळ) करते. पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे जायचं मनात असेल तर त्याची चौकशी जरूर करा. भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशात मानायच्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, आणि एनबीएने त्या करारासाठी मूल्यांकन केलेल्या शाखांमधल्या पदवीला सदस्य देशांत समकक्ष धरलं जातं.

पहिली पायरी: परवानगी कोणाची लागते ते शोधा

इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, एमबीए, एमसीए यांना एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद. २०२४-२५ पासून बीबीए आणि बीसीएसुद्धा एआयसीटीईखाली आले. तेव्हा आपल्याकडच्या काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून तो "बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज" अशा नावाने चालवला. विद्यापीठाने त्या नव्या नावाला मंजुरी दिली असेल तर पदवी खोटी ठरत नाही. पण तुम्हाला गुणपत्रिकेवर बी.कॉम. हवं आहे की बीबीए, हे प्रवेशाआधी ठरवा.

फार्मसीला भारतीय फार्मसी परिषद. वकिलीला बार कौन्सिल ऑफ इंडिया. एमबीबीएसला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (जुनी मेडिकल कौन्सिल सप्टेंबर २०२० मध्ये गेली), दंतवैद्यकाला दंत परिषद. बी.एड., डी.एल.एड.ला एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. पॉलिटेक्निकची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं, आणि आरोग्य शाखेच्या पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला नियामक परिषद नसते. तिथे विद्यापीठाची संलग्नता आणि राज्य शासनाची परवानगी एवढं बघायचं. गोव्यातही पद्धत हीच, फक्त विद्यापीठ म्हणून गोवा विद्यापीठाचं नाव येईल.

परिषद असलेल्या कोर्समध्ये धोका जास्त, कारण तिथे शिक्षण संपल्यावर नावाची नोंदणी करावी लागते. फार्मसीचं शिकलात पण फार्मसी परिषदेत नाव लागलं नाही, तर दुकानात फार्मासिस्ट म्हणून बसता येत नाही. एनसीटीई कायद्यातच लिहिलं आहे की मान्यता नसलेल्या संस्थेतली अध्यापनाची पदवी सरकारी किंवा अनुदानित नोकरीला धरली जाणार नाही.

नर्सिंगबद्दल जरा थांबून सांगते, कारण खेड्यातल्या मुली सगळ्यात जास्त इथे फसतात. मागे एक मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली होती. हातात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, वर सोनेरी शिक्का, अशोकस्तंभासारखं दिसणारं चित्र, आणि "अखिल भारतीय" ने सुरू होणारं एका परिषदेचं भलंमोठं नाव. मी प्रमाणपत्राची खालची बारीक अक्षरं वाचली. परीक्षा घेणाऱ्या परिषदेचा पत्ता आणि शिकवणाऱ्या संस्थेचा पत्ता एकच होता, मजला सुद्धा तोच. स्वतःच शिकवायचं, स्वतःच परीक्षा घ्यायची, स्वतःच प्रमाणपत्र छापायचं. मुलीने दीड वर्ष मन लावून अभ्यास केला होता, इंजेक्शनं द्यायला शिकली होती. पण तिची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये होणं शक्य नव्हतं, आणि त्या नोंदणीशिवाय ती कायद्याने नर्स नाही.

म्हणून लक्षात ठेवा: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. "सहा महिन्यांत नर्स" असं काही नसतं. "पेशंट केअर असिस्टंट" किंवा "नर्सिंग असिस्टंट" हे मदतनिसाचे कोर्स आहेत. ते करायला हरकत नाही, पण मदतनीस व्हायचं आहे हे कळून करा. संस्थेला एकच प्रश्न विचारा: कोर्स संपल्यावर माझं नाव कोणत्या कौन्सिलमध्ये लागेल, आणि मागच्या बॅचच्या मुलींचे नोंदणी क्रमांक दाखवाल का?

दुसरी पायरी: कागद मागा आणि तो ओळीने वाचा

संकोच करू नका. लाखभर रुपये देणाऱ्याने एक पत्र मागितलं तर त्यात अपमान करण्यासारखं काही नाही. चांगल्या कॉलेजचे लोक ते पत्र लगेच काढून देतात, बहुतेकांच्या संकेतस्थळावर ते असतंच.

एआयसीटीईचं पत्र हातात आलं की सगळ्यात आधी वर शैक्षणिक वर्ष बघा. बहुतेक संस्थांना ही मान्यता वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते, काहींना एकदम अधिक वर्षांची मिळते. चार वर्षांपूर्वीचं पत्र चौकट करून भिंतीवर लावलेलं असेल तर चालू वर्षाचं मागा. मग संस्थेचं नाव आणि पत्ता. तुम्ही ज्या इमारतीत उभे आहात त्याच इमारतीचा पत्ता आहे ना? एकाच ट्रस्टची चार कॉलेजं असली की नावात एका शब्दाचा फरक असतो, आणि पत्र भावंडाचं दाखवलं जातं. त्याखाली तक्ता असतो. प्रत्येक ओळीत कोर्सचं नाव, संलग्न विद्यापीठ किंवा मंडळ, मागच्या वर्षीच्या मंजूर जागा आणि या वर्षीच्या मंजूर जागा. तुमचा कोर्स शब्दशः त्या ओळीत हवा. "कॉम्प्युटर इंजिनिअरिंग" मंजूर असताना "आर्टिफिशियल इंटेलिजन्स" या नावाने प्रवेश देत असतील तर कशाच्या आधारावर, हे विचारा. या वर्षीच्या जागांच्या रकान्यात शून्य असेल तर त्या कोर्सला या वर्षी एकही प्रवेश देता येत नाही.

नव्या कॉलेजच्या बाबतीत एक कागद हमखास पुढे केला जातो, तो म्हणजे इरादापत्र. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे नवं कॉलेज काढताना शासन आधी इरादापत्र देतं. त्याचा अर्थ, या या अटी पूर्ण करा, मग परवानगीचं बघू. अटींची पूर्तता झाल्यावर अंतिम मान्यता मिळते. साखरपुडा झाला म्हणून कोणी मुलीला नांदायला पाठवत नाही. इरादापत्रावर फी भरणंही तितकंच घाईचं. ना-हरकत प्रमाणपत्र, प्रस्ताव सादर केल्याची पोच, विद्यापीठाच्या समितीने भेट दिल्याचा फोटो, यातलं काहीही अंतिम मान्यता नाही.

तिसरी पायरी: त्यांचा कागद त्यांच्याकडून नको, मूळ ठिकाणाहून पडताळा

कागद आता कोणीही बनवू शकतं. म्हणून एआयसीटीई, फार्मसी परिषद, एनसीटीई, बार कौन्सिल यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन संस्थेचं नाव शोधा. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः शोधून टाइप करा, संस्थेने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक उघडू नका. विद्यापीठांच्या संकेतस्थळावर संलग्न कॉलेजांची यादी असते, तिच्यात कोर्सही दिलेले असतात. जमलं नाही तर विद्यापीठाच्या संलग्नता विभागाला फोन करा. फोन उचलायला वेळ लागतो, जूनमध्ये तर फारच, पण उत्तर मिळतं.

महाराष्ट्रात व्यावसायिक कोर्सचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. त्यात प्रत्येक कॉलेजला आणि प्रत्येक शाखेला सांकेतांक असतो आणि जागांचा तक्ता जाहीर होतो. तुम्हाला सांगितलेला कोर्स त्या तक्त्यात नसेल तर तिथेच थांबा. "आमच्या जागा मॅनेजमेंट कोट्यातल्या आहेत, कॅपशी संबंध नाही" हे उत्तर पुरेसं नाही. संस्थास्तरावरच्या जागाही मंजूर जागांच्या आतच मोजल्या जातात आणि त्या प्रवेशांनाही प्रवेश नियामक प्राधिकरणाची मंजुरी लागते.

चौथी पायरी: उत्तरं ऐका

"मान्यता प्रक्रियेत आहे, दिवाळीपर्यंत येईल." मग दिवाळीनंतर प्रवेश घेऊ, असं म्हणा.

"कोर्टात केस चालू आहे, आम्हाला स्टे मिळाला आहे." हे सगळ्यात फसवं, कारण कधीकधी ते खरंही असतं. अंतरिम आदेशावर दिलेले प्रवेश अंतिम निकालावर टांगलेले राहतात. विनामान्यता अध्यापक विद्यालयांच्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली स्पष्ट केलं होतं की अशा संस्थांतल्या मुलांना निव्वळ सहानुभूती म्हणून परीक्षेला बसू देता येणार नाही. निकाल विरुद्ध गेला तर संस्था आपली इमारत दुसऱ्या कामाला लावते. मुलांची वर्षं परत मिळत नाहीत.

"परीक्षा दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची आहे, पण सगळं इथेच होईल." छत्तीसगडने २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि बघता बघता शंभराच्या वर विद्यापीठं निघाली, कित्येकांकडे धड वर्गसुद्धा नव्हते. प्राध्यापक यशपाल यांच्या याचिकेवर फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमंच रद्द केली आणि ती विद्यापीठं एका दिवसात नाहीशी झाली. तिथल्या मुलांसाठी त्या संस्था राज्यातल्या सरकारी विद्यापीठांना जोडण्याची सोय न्यायालयाने सुचवली, एवढाच आधार उरला. राज्याचं खासगी विद्यापीठ परवानगीशिवाय दुसऱ्या राज्यात केंद्र काढून पदवीचे वर्ग चालवू शकत नाही, हे धरूनच चाला.

दूरशिक्षण घेणार असाल तर

नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी दूरशिक्षण ही मोठी सोय आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतं आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी दुय्यम असते हा समज काढून टाका. यूजीसीची मंजुरी असलेली पदवी स्पर्धा परीक्षांना आणि पुढच्या शिक्षणाला चालते.

पण मंजुरी बघायचीच. यूजीसीचा दूरशिक्षण विभाग कोणतं विद्यापीठ कोणत्या सत्रात कोणता कोर्स चालवू शकतं याची यादी ठेवतो. २०२४ पासून या प्रवेशांसाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण विभागाकडचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. तो मोबाइलवरून स्वतः काढा, एजंटाला काढू देऊ नका. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वकिली, आर्किटेक्चर हे कोर्स दूरशिक्षणाने होतच नाहीत. कोणी "घरबसल्या बी.टेक." देत असेल तर चौकशीचीही गरज नाही.

याचे चटके किती उशिरा बसतात ते बघा. चार अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईला न विचारता दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ३ नोव्हेंबर २०१७ ला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना एआयसीटीईची परीक्षा देऊन त्या वाचवण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. नोकरीत बढती घेतलेली, घर बांधलेली माणसं होती ती.

परदेशी विद्यापीठाची पदवी इथेच देणाऱ्या संस्थांबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने जाहीर सूचना काढली होती: यूजीसीच्या परवानगीशिवाय केलेल्या अशा भागीदारीतली पदवी मानली जाणार नाही.

शाळेच्या बाबतीत

पहिलीला घालतानाही हेच तपासायचं असतं हे फार थोड्यांना माहीत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. दंड एक लाख रुपयांपर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे दहा हजार. जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आणि मुंबईत महापालिका अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतात, वर्तमानपत्रात येतात. त्या जपून ठेवा.

"सीबीएसई पॅटर्न" या दोन शब्दांना भुलू नका. पुस्तकं कोणीही सीबीएसईची वापरू शकतं. संलग्नता असेल तर मंडळाने दिलेला क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावाने सापडतो. यूडायस क्रमांक दाखवला तरी तेवढ्यावर थांबू नका. यूडायस ही माहिती गोळा करायची व्यवस्था आहे, तिच्यात मान्यता नसलेल्या शाळेचीही नोंद असू शकते. स्वयंअर्थसहाय्यित शाळेचा शासनाचा मान्यता आदेश मागा, आणि त्यात कितवीपर्यंत परवानगी आहे ते वाचा. पाचवीपर्यंत मान्यता आणि वर्ग मात्र आठवीपर्यंत, असं सर्रास असतं. मूल अशा शाळेत अडकलंच असेल तर घाबरू नका. आठवीपर्यंतच्या मुलाला जवळच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत वयानुसार वर्गात बसवता येतं, आणि जुन्या शाळेने दाखला द्यायला उशीर केला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

मान्यता नसली तरी चालतं ते कुठे

सगळ्याच शिक्षणाला सरकारी शिक्का लागतो असं नाही. जर्मन भाषेचा खासगी क्लास, शिवणकाम, केक करणं, ग्राफिक डिझाइन, कोडिंग, यात तुम्हाला कौशल्य हवं असतं. शिकवणारा चांगला असेल तर कागद कोणी बघत नाही. आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा येईपर्यंत पदवी देत नव्हत्या, पदविका देत होत्या, आणि तरी कंपन्या दारात उभ्या असत. प्रमाणपत्र पुढे कुठे दाखवायचं आहे, यावर सगळं ठरतं. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत संगणक अर्हता मागितली असेल तर एमएस-सीआयटीसारखी त्या जाहिरातीत नाव घेऊन दिलेली परीक्षाच हवी. चौकातल्या क्लासचं "डिप्लोमा इन कॉम्प्युटर" तिथे उपयोगी नाही. शासकीय नोकरी, पुढचं शिक्षण, व्यवसायाची नोंदणी, शिष्यवृत्ती, बँकेचं शैक्षणिक कर्ज: यातलं काहीही लागणार असेल तर मान्यतेशिवाय पाऊल टाकू नका. एक सोपी खूण सांगते. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात संस्थेचं आणि कोर्सचं नाव निवडायचं असतं. तिथे नावच येत नसेल तर कारण लेखी विचारा.

फी भरताना

पैसे संस्थेच्या नावाच्या बँक खात्यात. एजंटाच्या खात्यात किंवा रोख नको. पावतीवर संस्थेचं नाव, कोर्स, वर्ष आणि रक्कम हवी. "देणगी" किंवा "इमारत निधी" असं लिहिलेली पावती घेऊ नका. माहितीपुस्तिका, जाहिरातीचा फोटो, प्रवेश देताना आलेले व्हॉट्सअॅप मेसेज हे सगळं जपा, मोबाइल बदलला तरी. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या. मूळ कागद अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीने २०१८ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना बजावलं आहे.

प्रवेश झाला आहे आणि शंका येते आहे

पहिली खूण विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, ज्याला आपण पीआरएन म्हणतो. तो कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. पहिल्या सत्राच्या परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली, आणि पीआरएन नाही, पात्रतेचं काम "चालू आहे" असं सांगत असतील, तर वाट बघत बसू नका. हॉल तिकिटावर कॉलेजचं नाव वेगळंच छापून आलं, तर त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा.

प्राचार्यांना लेखी अर्ज द्या: माझ्या कोर्सच्या मान्यतेची आणि माझ्या प्रवेशाच्या मंजुरीची प्रत द्यावी. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. त्याच आठवड्यात विद्यापीठाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. राज्यातल्या कार्यालयांसाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. विचारायचं एवढंच: अमुक पत्त्यावरच्या अमुक कॉलेजला अमुक कोर्ससाठी अमुक वर्षी संलग्नता होती का, प्रवेशक्षमता किती, आणि मंजूर विद्यार्थ्यांच्या यादीत माझं नाव आहे का.

उत्तर "नाही" असं आलं तर दुसऱ्या कॉलेजात जागा शोधायला लगेच लागा. तक्रार आणि शिक्षण या दोन गोष्टी समांतर चालू द्या. केसचा निकाल लागेपर्यंत मूल घरी बसवू नका. वर्ष वाया जातं म्हणून त्याच संस्थेत दुसऱ्या वर्षाची फी भरणारे पालक असतात, ते मात्र करू नका. मुक्त विद्यापीठाचा पर्याय खुला असतो, आणि दहावी-बारावीच्या मुलांना सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येतं.

तक्रार विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे आणि त्या विषयाच्या नियामक परिषदेकडे करा. खोटी मान्यता सांगून पैसे घेतले असतील तर पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. एकटं जाण्यापेक्षा वर्गातले पाच-दहा पालक मिळून गेलात तर तक्रार लवकर नोंदवली जाते.

पैसे परत मिळवण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. शिक्षण ही ग्राहक सेवा मानायची की नाही यावर उलटसुलट निकाल आहेत. पण विद्यापीठाची संलग्नता आणि दंत परिषदेची मान्यता नसताना ती असल्याचं भासवून प्रवेश दिलेल्या बिहारमधल्या एका दंत महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि भरपाई द्यायला लावली, त्यामुळे तुमच्या वकिलाला तो निकाल दाखवायला सांगा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते, म्हणून माहिती अधिकाराचं उत्तर आलं की त्यावरची तारीख आधी लिहून ठेवा.